तीळ हातानं काढावा लागतो

समोरून

समोरून काहीच दिसत नाही. समोरून मी पूर्ण आहे. भांग आहे, कपाळ आहे, कानांवर आलेले केस आहेत. समोरून बघणाऱ्याला एवढंच वाटेल की या बाईला खुर्चीत धड बसता का येत नाही.

सर्जन समोरूनच बघत होते, लॅपटॉपच्या पडद्यातून, त्यांच्या शहरातून.

"वर्षभराचे फोटो सलग लावून बघितले," ते म्हणाले. "लाली नाही. पापुद्रे नाहीत. कड जिथं होती तिथंच आहे. आजार झोपलाय असं दिसतंय. आता शस्त्रक्रियेचा विचार करायला हरकत नाही."

विचार. इतके दिवस मी दुसरं काय करत होते?

"खाज? जळजळ?"

माझा हात मांडीखाली दाबून ठेवलेला होता. मुद्दाम.

"कधीतरी," मी म्हणाले. "चट्टा झाकायला ती काळी पावडर शिंपडते ना, तिची असेल."

"असेल. फोटोत तरी शांत आहे."

फोटोत शांत आहे म्हणजे शांत आहे. मी फोटो काढून पोट भरते. माझ्या डोक्यापेक्षा फोटोवर माझा विश्वास जास्त. खाज काय, मनाचीही असते.

आजाराचं नाव लांबलचक आहे, ते मला कधी एका दमात म्हणता आलं नाही. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी सुरुवातीला सोपं करून सांगितलं होतं. साधे केस गळतात तेव्हा मूळ जिवंत असतं, नुसतं रुसलेलं असतं. माझ्यात शरीरच केसांच्या मुळांवर उठलंय. मूळ जळतं, त्या जागी व्रण भरतो, आणि व्रणावर पुन्हा काही उगवत नाही. टाळूवर, भांगाच्या जरा डावीकडे, तळहाताएवढा चट्टा. गुळगुळीत. फ्लॅश पडला की उजेड परत फेकतो.

सर्जनांचा बेत असा: डोक्याच्या मागचे केस मुळासकट काढायचे आणि व्रणात एकेक लावायचे. आधी मधोमध थोडेसे, नमुन्यादाखल. ते जगले तर बाकीचे. एकच अट, आग पूर्ण विझलेली हवी. "पेटत्या चुलीत रोप लावत नाहीत," असं त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. लावलं तर नवे केसही जळतात, आग आणखी भडकू शकते, आणि मागचे केस मोजकेच असतात, वाया गेले की गेले. पुढं त्यांची बदली झाली आणि मी दुसरं कुणी शोधलं नाही. सर्जन दूर होते, म्हणून दर तीन महिन्यांनी फोटो पाठवायचे ठरलं. समोरून, डावीकडून, उजवीकडून, वरून, मागून.

"मग पुढच्या आठवड्यात गुरुवारी या," सर्जन म्हणाले.

हात सुटला. थेट वर गेला. पडदा बंद झाल्यावर गेला, एवढी लाज त्याला होती.


डावीकडून

डावीकडून दुकान दिसतं. रस्त्याकडे काच, मग काउंटर, मग आतली खोली: फिरतं स्टूल, पांढरा पडदा, दोन दिवे, भिंतीवर आरसा आणि आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा. कंगवा बांधलेला, कारण लोक तो खिशात घालून जातात. परक्या माणसांचे केस मी दिवसभर बघते. जाड, विरळ, तेलकट, रंगवलेले, आज्जीनं घट्ट बांधून दिलेले. "जरा उजवीकडचे खाली घ्या." "ती बट कानामागं टाका." हे सांगताना माझ्या डोक्यावर टोपी असते. बाहेर ऊन असो, पाऊस असो, टोपी.

कोपऱ्यात कॉम्प्युटरवर वहिनी बसते. दादा जहाजावर असतो, सहा महिने पाण्यात आणि सहा महिने सोफ्यावर, असं तीच म्हणते. बाबा गेल्यावर दुकान आम्ही दोघींनी सांभाळलं. मी काढते, ती धुते.

धुते हा शब्द बाबांचा. फिल्म अंधारात धुवायची असायची तेव्हाचा. "आपल्या दुकानातून न धुतलेला फोटो बाहेर जात नाही." आता अंधार नाही, पाणी नाही, वहिनीची एक किल्ली आहे. ती दाबली की चेहऱ्यावरची लाली उतरते, घामाची चमक जाते, कातडी एकसारखी होते. वहिनीनं सगळ्या पायऱ्या एकदाच शिकवून त्या किल्लीत भरून ठेवल्यात. फोटो उघडला की तिचं करंगळीशेजारचं बोट आपोआप तिकडं जातं. ती फोनवर बोलत असो, चहा पीत असो.

आम्ही दोघी गुरुवारबद्दल बोलत होतो तेवढ्यात एक माणूस आला आणि त्यानं फोटोंचं पाकीट काउंटरवर आपटलं.

"माझी चामखीळ कुठंय?"

वहिनीनं मान वर केली. "काय?"

"चामखीळ. इथं. नाकाशेजारी." त्यानं बोट लावून दाखवलं. "खिडकीवरची बाई म्हणते, हे तुम्ही नाही. अर्जात ओळखखूण लिहिलीय, नाकाच्या उजव्या बाजूस चामखीळ. मी म्हटलं, ही काय आहे मग. ती म्हणते, फोटोत दाखवा."

"पण छान दिसताय की."

"बायकोही तेच म्हणाली. तिनं एक कॉपी काढून घेतली, देव जाणे कुणाला दाखवायला. पण मला ओळखपत्र पाहिजे हो."

मी त्याला पुन्हा स्टुलावर बसवलं. हनुवटी जरा वर, खांदा खाली. कॉलर आत गेली होती ती सरळ करायला मी वाकले. वाकले नाही. गुडघ्यांवर बसले. वाकलं की टोपी पुढं सरकते आणि मागच्या फटीतून चट्टा दिसतो. मागं एका बाईनं वाकलेल्या माझ्याकडं बघून शेजारणीला म्हटलं होतं, "अगं, हिला काही लागणारं तर नाही ना?" तेव्हापासून मी फोटो काढताना वाकत नाही. गुडघे टेकते, उठते, पुन्हा टेकते. गुडघे आता माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे आहेत.

मला सुंदर व्हायचं नव्हतं. एवढं कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. मला वाकायचं होतं. डोक्यात काही न आणता, दुसऱ्याची कॉलर सरळ करायला.

तो गेल्यावर वहिनीनं एक चिठ्ठी लिहून कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कडेला चिकटवली. सरकारी फोटो धुवायचा नाही.

"आणि चामखीळ किल्लीनं जाते होय?" मी विचारलं.

"छे. लाली किल्लीनं जाते. चामखीळ, तीळ, ते हातानं काढावं लागतं. एकेक." ती जरा अभिमानानं म्हणाली. "बाईसाहेब, गुरुवारी मी पण येणार. दुकान बंद. पाटी लिही."

"काय लिहू?"

"लिही, केस आणायला गेलो आहोत."


उजवीकडून

उजवीकडच्या खुर्चीवर आई बसते, तिच्या पुढ्यात मी, जमिनीवर. आईला दिसतं कमी, पण बोटांना दिसतं. तिची रोजची एकच मागणी असते, डोकं इकडं दे. तेल चालत नाही हे तिला पटलेलं नाही. नुसतं विंचरते.

"गुरुवारी काय करणार म्हणे?"

"मागचे केस काढून वर लावणार."

"म्हणजे मागं टक्कल?"

"नाही गं. विरळ काढतात. कळत नाही."

"न कळण्यासारखं करायला एवढ्या लांब जायचं." कंगवा थांबला. तिचं बोट चट्ट्याच्या कडेवरून फिरत होतं. मला ते बोट कुठं आहे ते कळत होतं, कारण तिथं तिथं जळत होतं. पावडर. पावडरचंच.

"तीळ बाहेर आला की," आई म्हणाली.

"कुठला तीळ?"

"तुझा. जन्मापासूनचा. न्हाऊ घालताना मी म्हणायची, पोरीनं तीळ कसा केसांत लपवून आणलाय. दिसायचा नाही, हाताला लागायचा. आता उघड्यावर आलाय."

"अगं, तो आधीपासून बाहेरच असेल."

"मी न्हाऊ घातलंय का तू?"

मी उठले. पुन्हा बसले. आई म्हणाली, "एका जागी बस ना, काय कातिणीसारखी खालीवर करतेस." मी पुन्हा उठले.

एक गोष्ट डोक्यात आली होती आणि ती चट्ट्यापेक्षा जास्त खाजत होती.

वर्षभराच्या फोटोंत मी तो तीळ बघितलेला नाही. एकाही फोटोत.


वरून

सकाळी वहिनी यायच्या आधी दुकान उघडलं. काच पुसली नाही, दिवे लावले नाहीत. वहिनीच्या खुर्चीत बसले, उठले, खुर्ची वर केली, बसले. सर्जनांना पाठवलेले फोटो उघडले. मग कपाटातून कॅमेऱ्याचं कार्ड काढलं. मूळ फोटो आम्ही पुसत नाही, तीही बाबांचीच शिकवण.

दोन्ही शेजारी लावले.

धुतलेला, पहिला. चट्टा. भोवती काळे केस. कडेची कातडी फिकट, एकसारखी, निरोगी. तीळ नाही.

न धुतलेला, पहिला. कडेच्या प्रत्येक केसाच्या बुडाशी लालसर कडं. पांढरे पापुद्रे. तीळ आहे. केसांच्या आत, तांदळाच्या दाण्याएवढा आत.

धुतलेला, दुसरा. शांत.

न धुतलेला, दुसरा. लाल. तीळ अगदी कडेला. एक केस त्याच्यावरून आडवा गेलेला.

धुतलेला, तिसरा. शांत.

न धुतलेला, तिसरा. मी इथं उठून बाहेर गेले. रस्ता बघितला. समोरचा दुकानदार शटर वर करत होता, त्यानं हात केला, मी हात केला. आत आले.

शेवटचा. तीळ उघडा. कड त्याला ओलांडून पुढं गेलेली.

म्हणजे आजार झोपला नव्हता. त्याला कुणीतरी पांघरूण घातलं होतं. तो वर्षभर आतून चालत होता, तांदळाच्या दाण्यानं चालत होता.

आणि मग दिसली ती माझी चूक. दर वेळी वहिनी स्टुलावर चढून वरून फोटो काढायची आणि मी खालून सांगायचे, "चौकट भरून घे." फोटो चांगला यावा म्हणून. चट्टा वाढला तशी ती थोडी वर सरकली असेल, लेन्स थोडी फिरवली असेल. चौकटीत चट्टा दर वेळी तेवढाच. सुरेख बसवलेला. मोजायला खूण एकच होती, आणि ती पुसलेली.

वहिनी आली. पडदा बघितला. पर्स खांद्यावरच राहिली.

"हे काय उघडलंस?"

"तू सांग."

ती वाकून बघू लागली. ती वाकू शकते. "अय्या," ती हळू म्हणाली. मग, "किल्ली दाबली गेली असणार."

"चारही वेळा."

"अगं, मी प्रत्येकाला दाबते. हात जातोच."

"आणि तीळ? तीळ किल्लीनं जात नाही. तूच म्हणालीस."

ती स्टुलावर टेकली. पर्स काढून मांडीवर घेतली, उघडली, बंद केली.

"मला वाटलं, तुझ्या पावडरचा कण राहिलाय. धुळीसारखा. काढून टाकला. पहिल्यांदा. मग दर वेळी तिथंच असायचा, मला वाटलं, ही बया नीट धुवून येत नाही."

"आणि लाली? लाली बघूनही कळलं नाही, की हे डॉक्टरांना दाखवायचंय?"

"म्हणून तर!" ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज खाली आला. "डॉक्टरकडं जाताना माणूस आंघोळ करून जातो ना. घाणेरडं कशाला जायचं? मला वाटलं, ते चट्टा बघतील, त्याला मी हात लावला नाही. बाकीचं... बाकीचं तू जशी आहेस तशी. चांगली."

"चिठ्ठी लावलीस ना तिथं. सरकारी फोटो धुवायचा नाही."

"ते सरकारी. तू घरची आहेस."

मला हसू आलं, आणि त्याचा राग आला. मी म्हणाले, "बरं झालं."

"काय बरं झालं?"

"तू धुतलेस म्हणून तारीख मिळाली. नाहीतर अजून वर्षभर फोटोच पाठवत बसले असते. आता कुणाला काही सांगायचं नाही. जुनं मलम आहे घरात, कडक. ते आठवडाभर दोन वेळा लावलं की लाली उतरते, मला माहितीये. गुरुवारी ते बघतील तेव्हा शांत दिसेल. केस लावतील. बस."

"आणि जळले तर?"

"जळतीलच कशावरून?"

"तूच सांगितलं होतंस ते चुलीचं."

"वहिनी, मला चूल शिकवू नको. माझं डोकं आहे."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "तुझंच आहे."


मागून

मागून मला स्वतःला कधी बघता आलेलं नाही. त्या आठवड्यात मी दोन आरसे धरून ते केस बघायचे, जे काढणार होते. दाट, ओबडधोबड, कुणाचं लक्ष नसलेले. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्यांसारखे. त्यांना माहीत नव्हतं की त्यांना पुढं बोलावलंय, आणि पुढं काय आहे तेही.

मलम लावलं. सकाळी, संध्याकाळी. खाज कमी झाली. लाली फिकी झाली. आरशात कड दिवसेंदिवस धुतलेल्या फोटोसारखी दिसू लागली. मी स्वतःला सांगत होते की बघ, कदाचित खरंच झोपतोय. मलम आहे म्हणून का होईना. औषधानं झोपला तरी झोपच ती. दुसऱ्या मिनिटाला सांगत होते की तीळ. तिसऱ्या मिनिटाला, नमुन्यादाखलच तर आहेत, थोडेच, गेले तर गेले. चौथ्याला, थोडे म्हणजे किती, मी का विचारलं नाही. रस्त्यानं चालताना हे. भाजी चिरताना हे. एका गिऱ्हाइकाला "हसा" म्हणाले आणि बटण दाबायचंच विसरले, तो बिचारा हसत बसला.

मी बोलणार नाही, असं म्हणून वहिनीनं तो विषय सोडला. तिनं एवढंच विचारलं, "गाडीत खिडकी तुला की मला?"

गुरुवार.

सर्जनांची खोली पांढरी, आमच्या पडद्यापेक्षा पांढरी. वहिनी बाहेर बाकावर बसली. मला पुढं वाकवून बसवलं, कपाळ एका मऊ कड्यात टेकवून. आज वाकणं भागच होतं. भिंतीवर मोठा पडदा आणि पडद्यावर माझं डोकं, वरून, शेवटचा फोटो, धुतलेला. मान तिरपी केली की तो मला दिसत होता.

सर्जनांनी भिंग लावून कडेकडेनं बघितलं. त्यांचा श्वास कानाशी ऐकू येत होता.

"किंचित गुलाबी आहे एक-दोन ठिकाणी," ते म्हणाले. "प्रवासाचं, टोपीचं असेल. काही लावत होता का?"

"नाही."

हा शब्द किती पटकन आला. जिभेवर तयारच होता.

"ठीक. तुमचे फोटो मात्र वाखाणण्यासारखे आहेत. माझे पेशंट न्हाणीघरात, अंधारात, अंगठा मधे घालून फोटो पाठवतात. हे बघा सिस्टर, कड वर्षभरात एका केसानंही हललेली नाही. याच्यावरून आखा."

सिस्टरनं जांभळं पेन घेतलं आणि चट्ट्याच्या कडेनं रेघ ओढू लागली. पेन थंड होतं. मागून पुढं, पुढून डावीकडं. मग थांबली.

"सर, हा तीळ रेघेच्या आत घेऊ की बाहेर?"

"कुठला तीळ?"

"हा."

सर्जनांनी डोक्याकडं बघितलं. पडद्याकडं बघितलं. पुन्हा डोक्याकडं. मी श्वास धरून ठेवला. फोटो काढताना लोक धरतात तसा, कुणी सांगितलेलं नसताना.

"फोटोत नाही," ते म्हणाले. "नवीन उठला असेल. किंवा उजेडात उडाला असेल. बाहेर ठेवा, काही फरक पडत नाही."

झालं होतं. सुटले होते. सिस्टरचं पेन तिळाला वळसा घालायला निघालं. आणखी थोडा वेळ मान अशीच ठेवली असती की मागचे केस उठून पुढं आले असते. मी वाकले असते, दुकानात, लोकांसमोर, उघड्या डोक्यानं. ते चित्र इतकं जवळ होतं की त्याला धुवायचीही गरज नव्हती.

"उजेडात तीळ उडत नाही," मी म्हणाले.

कड्यात तोंड असल्यानं आवाज जमिनीकडं गेला.

"काय म्हणालात?"

"जन्मापासूनचा आहे तो. आधी केसांत होता. फोटोतून काढलेला आहे. हातानं. आणि लालीही काढलेली आहे. आणि मलम लावत होते मी, आठवडाभर."

पेनाचं टोपण बसल्याचा बारीक आवाज आला.

मला सरळ बसवलं गेलं. सर्जन चिडले नाहीत. चिडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि स्वतःच्या हातांकडं बघितलं.

"मी आज केस लावले असते," ते म्हणाले.

"हो."

"मूळ फोटो आहेत?"

"घरी. दुकानात. कार्डात."

दार किलकिलं झालं. वहिनी दारालाच उभी असणार, बाकावर नाहीच. "माझ्याकडं आहे," ती म्हणाली, आणि पर्समधून हातरुमालात गुंडाळलेलं कार्ड काढलं. मी तिच्याकडं बघितलं. "काय?" ती म्हणाली. "मी बोलणार नाही म्हणाले होते. आणणार नाही म्हणाले नव्हते."

सर्जनांनी ते फोटो पडद्यावर लावले. चारही. तीळ चालत बाहेर आला.

त्यांनी तिथल्या त्वचेच्या डॉक्टरांना फोन केला. आत्ताच बघा म्हणाले, मलम उतरल्यावर पुन्हा बघा, गोळ्या सुरू करायला लागतील. मग मला म्हणाले, "आधी विझवायचं. विझलं की तिथून वर्ष-दीड वर्ष. मग या."

"आणि विझलं नाही तर?"

"तर माझा उपयोग नाही. विग आहे, टोपी आहे, नाहीतर नुसतं डोकं आहे." ते उठून माझ्या मागं आले. "मागचे केस मात्र शाबूत आहेत तुमचे."

मी धन्यवाद म्हणाले. मागच्या केसांच्या वतीनं.


पुन्हा वरून

जांभळी रेघ जात नाही. साबणानं नाही, स्पिरिटनं नाही. गाडीत वहिनीनं ओला रुमाल घेऊन घासायचा प्रयत्न केला आणि समोरच्या बाईनं विचारलं, "काय गं, रंग सांडला का?"

"हो," वहिनी म्हणाली. "घराला देत होतो."

रडायचं होतं ते स्टेशन येईपर्यंत राहून गेलं. मग उतरायची घाई.

आता दुकानात, दुपारी, गिऱ्हाईक नाही. वहिनी स्टुलावर चढली आहे. मी खाली बसून मान वाकवली आहे, टोपी काउंटरवर. नवीन डॉक्टरांना फोटो हवेत, आजपासून. सर्जनांनी सांगितलं तशी मी डोक्याशेजारी पट्टी धरली आहे, मोजायची, शाळेतली. चौकट भरून घ्यायची नाही. वहिनीनं जमिनीवर खडूनं स्टुलाची जागा आखली आहे.

"ही रेघ?" ती वरून विचारते. "मला खुपते. दिसायला किती वाईट..."

"राहू दे. उद्या कड कुठं गेली ते तिच्यावरून कळेल."

"आणि तीळ?"

"वहिनी."

"विचारलं नुसतं."

काचेचं दार ढकलून कुणीतरी आत येतं. पायांवरून कळतं, एक बाई आणि एक लहान मुलगी. मान वर करावी, टोपी घ्यावी. हात अर्धा निघतो. पट्टी हलते.

"बसा दोन मिनिटं," वहिनी त्यांना म्हणते.

मुलीचे बूट जवळ येतात. एकाची नाडी सुटलेली आहे. "आई, यांच्या डोक्यावर नकाशा आहे," ती म्हणते.

"गप बस गं."

"असू दे," मी जमिनीकडं बघत म्हणते. "आहे खरा."

"कुठला आहे?"

मलम बंद केल्यापासून कड पुन्हा जागी झाली आहे. आत्ता, नेमकी आत्ता, तिळाच्या पलीकडं, जांभळ्या रेघेवर, मुंगी चालल्यासारखी. हात पट्टी सोडतो.

"हलू नको," वहिनी म्हणते.

"खाजतंय."

"मग खाजव आणि परत बस. हललेला फोटो मला धुता येत नाही."

मी खाजवते. सगळ्यांसमोर, भरपूर. मग पट्टी पुन्हा उचलते, आणि मान खाली जातच आहे तेवढ्यात त्या मुलीची सुटलेली नाडी पुन्हा दिसते, हाताच्या अंतरावर, आणि मी पुढं वाकून ती बांधायला लागते.

"अगं, हललीस," वहिनी वरून म्हणते. "थांबते मी. बांध."